चटईवरचं पोर

आमची ही मला दुपारी चटईवर आडवं पाडायची आणि म्हणायची, "हं, आता लाथा मारा." मी मारायचो. जोरात. सत्तरीला टेकलेला माणूस, गुडघे गेलेले, पण लाथ अजून शाबूत होती.

सांगितलं की लोक हसतात. म्हणून आधी भानगड काय ती सांगतो.

कुवेतच्या अब्बासियात एक नर्सरी आहे. ही तिथं आया म्हणून लागली. देशात असताना अंगणवाडीत होती, बारावी झालेली. मी चौथी. चौथीत मास्तरांनी रुळानं माझा अंगठा मोडला, मी पाटी त्यांच्या टाळक्यात घातली आणि पळालो, तो पुन्हा शाळेचं तोंड बघितलं नाही. पुढं कुवेतला आलो ते परांच्या बांधायला. हाडं थकली तोवर मुलगा इथंच दवाखान्यात एक्स-रे काढायच्या नोकरीला लागला, आणि आम्ही दोघं त्याच्या व्हिसावर राहिलो. ही नर्सरीत जायची, मी तिच्या मागं मागं. खुर्च्यांचे पाय ठोकायचे, दाराशी बसायचं. पगार नाही. चहा मिळायचा.

मग तिकडच्या एका शाळेनं अकरावी-बारावीला नवा विषय काढला. लहान पोरांना शिकवायचं, सांभाळायचं, पुढं त्याच धंद्यात जायचं. पुस्तकातलं त्यांच्या शाळेत शिकवायचे आणि हातातलं शिकायला ती मुलं आमच्या नर्सरीत यायची. बहुतेक मुली, चार-दोन मुलगे. नर्सरीची मॅडम केरळची. शहाणी बाई. तिनं हातातलं सगळं हिच्यावर सोपवलं.

हातातलं म्हणजे मार. दुसरं काही नाही. ज्यांनी लहान पोरांत दिवस काढलेला नाही त्यांना वाटतं, गाणी म्हणायची, टाळ्या वाजवायच्या. तीन वर्षांचं पोर म्हणजे दारू प्यालेला मुकादम. त्याला कळत नाही का चिडलंय, पण समोर येईल त्याला फोडणार. केस उपटतं, डोळ्यात बोट घालतं, लाकडी ठोकळा नेम धरून फेकतं, मागून उचलाल तर डोकं असं मागं आपटतं की आपलं नाक फुटतं. एकदा एका पोरानं दुसऱ्याच्या गालाचा लचका धरला. सगळ्या बायका त्याला मागं ओढताहेत, आणि ओढतील तसा गाल लांबतोय. ही धावत गेली आणि चावणाऱ्याचं डोकं उलट आतच दाबलं, गालावर. श्वास कोंडला तसा जबडा उघडला. गालावर दातांची रांग उमटलेली, रक्त आलेलं, पण मांस जागेवर होतं. मॅडमनं ते बघितलं, आणि त्या दिवसापासून ही आयाची टीचर झाली.

शाळेतून शिकाऊ मुलांसाठी एक बाहुली आली होती. मोठी, रबराची. हिनं ती कपाटावर फेकली. म्हणाली, "ही चावत नाही." खऱ्या पोराला सरावासाठी मुद्दाम चिडवणं तिला पाप वाटायचं. मग उरलो मी.

"तुम्हीच व्हा पोर," ती म्हणाली. "तुम्हाला नाहीतरी राग यायला कारण लागत नाही."

पहिल्या दिवशी मुली खिदळल्या. एक म्हणाली, "अंकल सो क्यूट!" मी तिची वेणी धरून अशी ओढली की ती गुडघ्यावर आली. त्यानंतर कोणी क्यूट म्हणालं नाही. मी हळू मारायला लागलो की ही ओरडायची, "अहो, नाटक नको. खोट्या पोरावर शिकली तर खऱ्या पोराला मारेल ही!"

तिची पद्धत साधी होती. पोराच्या मागं गुडघ्यावर बसायचं. त्याचे दोन्ही हात मनगटाशी धरून त्याच्याच पोटावर आडवे घ्यायचे, आवळायचे नाहीत. तोंड बाजूला वळवायचं, म्हणजे डोकं आपटलं तरी नाक वाचतं. आणि कानाशी एकच बोलायचं: "मी इथंच आहे. तुला मारू देणार नाही, आणि मी मारणार नाही." मल्याळी पोरं, तेलुगू पोरं, सगळी हे मराठीतच पाठ म्हणायची. अर्थ हिंदीत सांगितलेला. आणि पोर स्वतः पाणी मागेस्तोवर सोडायचं नाही. मी कधी लवकर पाणी मागितलं की ही रागवायची, "चहाची वेळ झाली म्हणून शांत होताय होय?"

असं दीड वर्ष चाललं असेल. मग थंडीत, सकाळी, ही पोळ्या लाटता लाटता खाली पडली. मुलगा ड्यूटीवर. शेजाऱ्यानं फोन लावला, अ‍ॅम्ब्युलन्सवाले आले. त्यातला एक तरणा पोरगा हिच्या छातीवर दोन्ही तळहात ठेवून सगळं वजन टाकून दाबायला लागला. कड् असा आवाज आला. मी परांच्या बांधलेला माणूस, हाड मोडल्याचा आवाज मला ओळखू येतो. मी म्हटलं, हा हिला मारतोय. आणि मी त्याच्या जबड्यावर ठोसा घातला. त्याचा ओठ फाटला. रक्त हिच्या गाऊनवर टपटपत होतं, पण त्यानं हात काढले नाहीत. मोजत होता, अरबीत, आणि दाबत होता. मी दुसऱ्यांदा मारलं तेव्हा शेजाऱ्यानं मला मागं ओढलं.

ती गेलीच. मुलानं नंतर समजावलं की बाबा, तसंच दाबायचं असतं, बरगड्या मोडतातच. कळलं. पण मध्येच कधी ते कड् मला भर दुपारी ऐकू येतं, आणि मुठी वळतात.

तिला गावी नेली, जाळली, आणि मी मुलाबरोबर परत आलो. गावात कोण आहे? मॅडम घरी भेटायला आली. म्हणाली, "अंकल, बच्चों की प्रैक्टिस रुक गई है. आप आएँगे?" मी गेलो. घरात बसून भिंती तरी किती बघणार. मॅडम हिच्या जागी उभी राहायची, मी चटईवर.

आता त्या मुलीचं सांगतो.

ती आपल्याकडचीच. आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये राहायची, बाप एका कंपनीत अकाउंटंट. त्याला तिला सीए करायची होती. तिनं जेवण सोडून, दार लावून घेऊन हा विषय मिळवला होता. बाप सगळीकडे सांगायचा, "आमची लेक आया होणार आहे." मुलगी अंगानं किरकोळ, बोलायची अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. हिच्याकडे थोडे महिने शिकली होती. ही तिला सगळ्यांत जास्त रगडायची, मला मुद्दाम तिला जास्त मारायला लावायची.

एका सकाळी खऱ्या पोरांच्या वर्गात एक पोरगा तिच्या दंडाला चावला. तिनं ओढलं नाही, आत दाबलं, तो सुटला, इथपर्यंत ठीक. सुटल्यावर तो तिच्या तोंडावर थुंकला. आणि तिनं थाडकन दिली त्याला. उलट्या हाताची. पोरगं फळीवर आदळलं, ओठ फुटला.

मॅडमनं तिला त्याच मिनिटाला बाहेर काढलं. पोराच्या आईची माफी मागितली, मुलीच्या शाळेला कळवते म्हणाली. मुलगी नर्सरीच्या पायरीवर बसून राहिली. ऊन असं की पायरीवर भाकरी भाजावी. मी दाराशी होतो.

मी म्हटलं, "जा घरी. अकाउंट शीक. आकडे चावत नाहीत."

"आजोबा, मला येतं सगळं. बट माझा हात आधी जातो."

"मग हात घरी ठेवून ये."

"आजींनी मला काढलं नसतं."

"आजीचं नाव घेऊ नकोस. आजी असती तर दोन दिल्या असत्या तुला."

"नसत्या दिल्या," ती म्हणाली. "तुम्हाला पण माहितीये."

मला राग आला, कारण ते खरं होतं. मी आत जाऊन मॅडमला म्हटलं, ती पोरगी बाहेर करपतेय, एकदा काय तो निकाल लावा. मॅडम कपाळ धरून बसली होती. शेवटी तिनं मुलीला आत बोलावलं आणि सांगितलं: गुरुवारी दुपारी, सगळ्यांसमोर, चटईवर. अंकलला शांत करायचं. हात उगारला तर विषय बंद, त्याच दिवशी शाळेला पत्र. नाही उगारला तर राहा.

मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "सोडू नका हं मला."

"सोडणारच नाही," मी म्हटलं.

गुरुवारी सगळी मुलं भिंतीला टेकून बसली. मी ठोकळ्यांच्या टोपलीजवळ बसलो आणि सुरुवात केली. टोपली उपडी केली. किंचाळलो. ती जवळ आली, मी लाथ मारली, नडगीवर बसली. ती थांबली, बाजूनं आली, बरोबर. मी तिच्या हातावर थुंकलो. मुद्दाम. तिचा जबडा घट्ट झाला, पण पुढं आली. मागं जायचं सोडून, घाईत, ती समोरूनच आली, आणि मला थोपवायला तळहात माझ्या छातीवर ठेवला. मध्यावर. आणि दाबला.

ते कड् ऐकू आलं.

पुढचं मी पोर म्हणून केलेलं नाही. मी हाताला लागला तो ठोकळा उचलला आणि तिच्या तोंडावर मारला. फेकला नाही, हातात धरून मारला. भुवई फाटली. रक्त एकदम डोळ्यात उतरलं. मी दुसरा ठोकळा उचलला, तो भिंतीवर गेला, एका पोराच्या डोक्यावरून. मी ओरडत होतो, "हात काढ! तिच्या छातीवरून हात काढ!" तिच्या पोटात लाथ घातली. मुली रडायला लागल्या. मला दिसत होतं सगळं, पण जसं काही परांचीवरून खाली बघावं तसं, लांब.

आणि तिचा हात वर गेला. मी बघितला. उलटा हात, खांद्याच्या वर, पार मागं ताणलेला. एक डोळा रक्तानं बंद. तो तिथंच थांबला. किती वेळ, सांगता येत नाही. मग खाली आला, आणि ती गुडघ्यांवर सरकत माझ्या मागं गेली.

तिनं मनगटं धरली. मी डोकं मागं आपटलं, तिनं तोंड वळवलेलं होतं, माझं डोकं तिच्या खांद्याच्या हाडावर बसलं. पुन्हा आपटलं. तिचं रक्त माझ्या कानावरून मानेत उतरत होतं, ऊन ऊन. ती धापा टाकत म्हणाली, "मी इथंच आहे. तुम्हाला मारू देणार नाही, आणि मी मारणार नाही."

मॅडम धावत आली, "बस, बस! छोड़ो! डॉक्टर के पास चलो!"

"नो मॅम," मुलगी म्हणाली. "अजून शांत नाही झाले ते."

मॅडम उभीच राहिली. मी हिसडे दिले, शिव्या दिल्या, ज्या त्या पोरांनी ऐकायला नको होत्या. ती तेच ते बोलत राहिली. मग माझ्यातली हवा गेली. मी रडलो, कुत्रं विव्हळतं तसा. ही गेल्यापासून मी रडलो नव्हतो. तरी तिनं सोडलं नाही. शेवटी मी पाणी मागितलं. तेव्हा तिनं हात सैल केले.

तिला गाडीत घालून दवाखान्यात नेली. टाके पडले. इकडे मुलांत वाद लागला. एक म्हणाली, हात उगारला होता, मी बघितलं. दुसरा म्हणाला, पण खाली आला ना. मॅडमनं कोणाचं ऐकलं नाही, मलाही विचारलं नाही. संध्याकाळी तिनं मुलीला फोन करून सांगितलं, रविवारी ये. इथं सुट्टी शुक्रवार-शनिवारची. आणि मला दुसरा फोन: "अंकल, आप बैठिए, चाय पीजिए, लेकिन चटाई पर नहीं. अब नहीं." बरोबर होतं तिचं. मीही तेच केलं असतं.

रात्री त्या मुलीच्या बापाचा फोन माझ्या मुलाला आला. पोलीस केस करतो म्हणाला. मुलगा पलंगावर डोकं धरून बसला. "बाबा, केस झाली तर तुमचा इकामा, इथं राहायचा परवानाच गेला. परत पाठवतील."

"पाठवू देत."

"बाबा, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?"

काय वाटायचं राहिलं होतं?

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. दार बापानं उघडलं. आत मुलगी टेबलाशी बसलेली, भुवईवर पट्टी, डोळा सुजून निळा, आणि समोर अकाउंटची नवी कोरी पुस्तकं. शाळेला अर्ज गेला, ती आता तो विषय घेणार नाही, असं त्यानं दारातच सांगितलं. मुलगा हात जोडून उभा राहिला.

मी म्हटलं, "केस कर. मी मारलंय, मी कबूल करतो. पुढच्या विमानानं गावी जातो, तोंड दिसणार नाही माझं. पण तिला त्या वर्गातून काढू नकोस."

"माझ्या पोरीचं डोकं फोडून मलाच अक्कल शिकवता?"

"तिनं मला मारलं नाही. तुझ्या पोरीनं. मी एवढं केलं तरी."

"मग मारायला पाहिजे होतं!" तो ओरडला, आणि मला पुढं काही दिसायच्या आत त्यानं मला ठेवून दिली. उलट्या हाताची. चष्मा भिंतीपर्यंत गेला. तीच ठेवण, तोच वेग. वर्गातल्या पोराला बसली होती तीही अशीच. मुलगा मध्ये पडला, त्याला त्यानं ढकलून दिलं, आणि दुसऱ्यांदा हात मागं घेतला.

मुलगी उठली. पळत नाही, चालत आली. बापाच्या मागून त्याचं मनगट धरलं आणि खाली आणलं, त्याच्याच पोटाशी. दुसरंही धरलं.

"सोड मला," बाप म्हणाला.

"नाही."

"सोड म्हणतो ना! वेडी झालीस का? लोकांसमोर!"

"पप्पा, मी इथंच आहे," ती म्हणाली. पुढचं बोललीच नाही, नुसती धरून राहिली. तो तिच्या दुप्पट अंगाचा. एका झटक्यात सुटला असता. त्यानं झटका दिला नाही. का नाही दिला, ते त्याला विचारा. आतून तिची आई आली, हातात झारा, तेल गळतंय. तिनं नवऱ्याकडे बघितलं, मग पोरीच्या पट्टीकडे, आणि म्हणाली, "जाऊ दे तिला. तू माझ्यावर हात टाकायचास तेव्हा तुला असं कोणी धरलं नाही."

हे ऐकून तो खाली बसला. जमिनीवरच. मुलगीही त्याच्यामागं बसली, हात धरूनच. मुलानं माझा चष्मा उचलून दिला, एक काच गेली होती. आम्ही जिना उतरलो. माझा कान दिवसभर वाजत होता.

पोलीस आले नाहीत. शनिवारी फोनही नाही. मी मुलाला म्हटलं, तिकीट काढून ठेव, कशाला लटकून राहायचं. तो म्हणाला, थांबा.

रविवारी मी सवयीनं नर्सरीच्या दाराशी जाऊन बसलो. पोरं येत होती. एक नवीन पोरगी आईच्या ओढणीला लोंबकळून बोंबलत होती. तेवढ्यात बापाची गाडी आली. मुलगी उतरली, दप्तर पाठीवर, डोळा अजून निळा. माझ्याकडे बघून मान हलवली आणि त्या बोंबलणाऱ्या पोरीकडे गेली. पोरीनं पहिलाच हात तिच्या टाक्यांवर मारला. ती खाली बसली, हात धरले, आणि पोरीला घेऊन आत गेली. बोंबलणं आतूनही ऐकू येत होतं.

बाप गाडीची काच खाली करून बसला होता. त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं, मला त्याच्याकडे. रस्त्याकडे बघतच तो म्हणाला, "काका, किती वाजता सुटतात ह्या?"

"एक वाजता," मी म्हटलं. "इथं गाडी लावू नकोस. उचलून नेतात."

त्यानं गाडी काढली, बकाल्याच्या किराणा दुकानापलीकडे सावलीत लावली, आणि काच पुन्हा खाली केली.